मास्तरांची उजवी मांडी

रविवारी सकाळी भवानी पेठेतल्या आमच्या बोळात शिरणाऱ्याला पहिलं दर्शन घडायचं ते भिकोबा शिंप्याच्या उघड्या मांडीचं. मास्तर दुकानातल्या बाकावर बसलेले असायचे, लेंगा वर सारलेला, आणि गळ्यातली मापाची फीत स्वतःच्याच मांडीला गुंडाळलेली. आधी डावी, मग उजवी. गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं वर, दर वेळी बरोबर तिथंच. मग ते माप खडूनं कपाटाच्या दाराला आतून लिहायचं. पाण्याला जाणाऱ्या बाया मान फिरवायच्या. मास्तरांना त्याचं काही नसे. म्हणायचे, "लोकांची मापं घेऊन म्हातारा झालो. एकदा माझं घेतलं तर कुणाचं काय गेलं?"

मी तेव्हा गिरणीत कारकून होतो आणि मास्तरांच्या समोरच्या खोलीत एकटाच राहत होतो. संध्याकाळी त्यांच्या बाकावर तासभर टेकल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे.

मास्तरांची साठी कधीच उलटली होती. त्यांचा साऱ्या जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता आणि ती त्यांच्या गळ्यात लोंबत असे. "फीत खोटं बोलत न्हाय," हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू यायचं. एकदा एक जाडजूड वकील कोट घेऊन तणतणत आले. धुवायला टाकल्यावर कोट आटला, कापडच वाईट, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी त्यांच्या पोटाभोवती फीत फिरवली आणि आकडा त्यांच्या नाकासमोर धरला. "साहेब, तुमाला बोलता येतं. हिला येत न्हाय, म्हणून खोटं बी येत न्हाय." वकील निमूटपणे कोट सैल करायला देऊन गेले.

दुकानामागं स्वयंपाकघर आणि वर माडी. माडीवर मास्तरांच्या बायकोचा, काशीकाकूंचा मुक्काम. मी राहायला आल्यापासून मला त्या दिसल्या नव्हत्या, फक्त ऐकू यायच्या. वरून काकू ओरडायच्या, खालून मास्तर. औषध घेतलं का, शेंगाची चटणी तिखट झाली का, कुणाच्या लग्नाला काय द्यायचं, सगळं जिन्यातून आणि सगळं टिपेच्या आवाजात. पहिले काही महिने मी समजत होतो की या नवराबायकोचं पटत नाही.

मास्तरांच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं जुनं होतं. चाळीस वर्षं शिलाईचं मशीन पायांनी चालवलेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की सांध्यातला गुळगुळीत भाग झिजलाय, वय झालं, आता आराम करा. मास्तरांनी आरामही मापात बसवला. मशीन मुलाच्या, दामूच्या हवाली केलं, गुडघ्याखाली उशी घेतली आणि तीन महिने दुकानातल्याच बाजेवर काढले. पडून असताना ठणका कमी व्हायचा. पण उठलं की पाय लटपटायचा आणि गुडघा दगा द्यायचा. धोतर पायांत अडकून पडतील म्हणून सून शेवंतानं लेंगे वापरायचा हट्ट धरला. मास्तर दुसऱ्याच्या हातचा लेंगा घालणारे नव्हते. त्यांनी स्वतःचं माप घेतलं. उजवी मांडी डावीपेक्षा दीड इंचानं बारीक भरली.

त्यांनी फीत उलटीसुलटी करून पाहिली. दामूकडून मोजून घेतलं, मग माझ्याकडून. दीड इंच म्हणजे दीड इंच. तीन दिवस मास्तरांचं कामात लक्ष लागलं नाही. एका सदऱ्याला तर दोन्ही बाह्या डाव्या टाचल्या. चौथ्या दिवशी मी बाकावर टेकतो न टेकतो तोच त्यांनी सुरुवात केली. गुडघा दुखतो म्हणून पाय वापरला नाही. वापरला नाही म्हणून मांडी वाळली. मांडी वाळली म्हणून गुडघ्याला आधार उरला नाही, आणि आधार नाही म्हणून तो आणखी दुखतो. "ही शिवण गोल फिरून तितंच येती," ते म्हणाले. "कुटनं तरी उसवाय पायजे. गुडघा काय नवा मिळत न्हाय. मांडी भरता येती."

डॉक्टरांनी, त्यांच्या मोठेपणाची गोष्ट, हे हसण्यावारी नेलं नाही. मांडी दाबून पाहिली आणि सांगितलं, की करून बघा, पण बेतानं. दुखलं तर भिऊ नका. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर मात्र जास्त झालं असं समजा.

तिथून पुढं दुकानाचा आखाडा झाला. आधी मास्तर बाकावर बसून नुसता पाय सरळ करायचे आणि दहा अंक मोजेपर्यंत तसाच धरायचे. पंधरवड्यानं पायाला वजन हवं झालं. दुकानात वजनदार वस्तू एकच, कोळशाची इस्त्री. ती गार झाली की तिच्या मुठीत पट्टा ओवून मास्तर घोट्याला बांधायचे आणि पाय वर-खाली करायचे. कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक विचारायचं, इस्त्री झाली का? आतून उत्तर यायचं, अजून पंधरा राहिल्यात. त्यानंतर हात न टेकता बाकावरून उठणं आणि बसणं. बोळातली माणसं दाराशी थांबून मोठ्यानं आकडे मोजायची आणि मुद्दाम चुकवायची. मास्तर त्यांना दुरुस्त करून पुढं चालू ठेवायचे.

सहा आठवडे झाले. दर रविवारी फीत फिरायची आणि तोच आकडा लिहिला जायचा. सातव्या रविवारी मास्तरांनी फीत खाली टाकली. त्यांना एवढं हताश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हिनं जन्मभर खरं सांगितलं, तर आताही खरंच सांगत असणार, एवढंच ते पुटपुटले. इतक्यात एक बाई खण दाखवा म्हणत आली. मास्तर उठले, वरच्या फळीवरचा तागा काढला, तिच्यासमोर उलगडला आणि पुन्हा येऊन बसले.

ती गेल्यावर मी विचारलं, "मास्तर, आत्ता उठताना हात कुठं टेकला होता?"

त्यांनी आधी बाकाकडं पाहिलं, मग स्वतःच्या तळव्यांकडं. पुन्हा उठले, पुन्हा बसले. असं चार वेळा केलं. मग खाली पडलेली फीत उचलून गळ्यात घातली. "खोटं बोलत न्हाय," ते हळूच म्हणाले, "पण सगळं बी सांगत न्हाय की."

ताकद आधी आली, इंच मागून आले. पावसाळा सरेपर्यंत अर्धा इंच भरला, आणि मास्तर दुकानाच्या दोन पायऱ्या दिवसातून वीस वेळा चढू-उतरू लागले. गुडघा बरा झाला नव्हता. गार हवेत कुरकुरायचा, कटकट वाजायचा. पण दगा देणं त्यानं सोडलं होतं. एवढं कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी सुईत दोरा ओवायचं निमित्त करून उत्तर टाळलं.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. ते जिन्याच्या तळाशी उभे होते. अंगात नवा सदरा, दाढी केलेली. लाकडी, उभा जिना, चौदा पायऱ्या, धरायला एका बाजूला दोर. म्हणाले, "मागं उभं ऱ्हावा. हात लावायचा न्हाय. पडलो तरच धरा."

शेवंतानं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अकरा महिन्यांपूर्वी काकू माडीवर पाय घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण जिना उतरता येईना. त्याच सुमारास मास्तरांना तो चढता येईना. एका घरात, चौदा पायऱ्यांच्या अंतरावर राहून, अकरा महिने दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. दामूनं दोघांनाही उचलून न्यायची तयारी दाखवली होती. मास्तर म्हणाले, मी काय कापडाचा तागा हाय का? काकू म्हणाल्या, चार जणांनी उचलायचं ते एकदाच, आणि त्याला अजून अवकाश हाय.

मास्तर चढू लागले. चांगला पाय वर, दुखरा मागून. एक पायरी, श्वास, दुसरी पायरी. सातव्या पायरीवर उजवा पाय थरथरला आणि माझे हात आपोआप पुढं झाले. त्यांनी मागं न बघताच मान हलवली. वरून काकूंनी विचारलं, कोण येतंय? मास्तर चढतच राहिले. मास्तर अकराव्या पायरीवर आले तेव्हा काकूंनी पुन्हा विचारलं. शेवटच्या पायरीवर मास्तरांनी दोर सोडला आणि मोकळ्या हातांनी माडीवर पाऊल ठेवलं. खाली दामू आणि शेवंता टाळ्या वाजवत होते. मलाही राहवेना, मीही वाजवल्या.

खिडकीशी बाजेवर काकू बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि नव्या नवरीसारखी मान खाली घातली.

"लई वाळलात," त्या म्हणाल्या.

"आता भरतोय," मास्तर म्हणाले.

मी मागच्या मागं खाली आलो. थोड्या वेळानं दामूनं जिन्यातून विचारलं, की आता आलाच आहात, तर दुकानातली बाज आणि अंथरूण वर आणू का? उत्तर काकूंनी दिलं. "काय नगं आणू. त्यांचं हितंच हाय."

मी शेवंताकडं पाहिलं. भाकरी थापता थापता तिनं पाठमोरीच सांगितलं, की काकूंच्या बाजेशेजारी दुसरी बाज पहिल्यापासून घातलेली आहे. अकरा महिने काकू रोज सकाळी त्या बाजेवरची चादर शेवंताला झटकायला लावत आल्या, आणि उशी नीट बसली की नाही ते स्वतः हात लांब करून बघत आल्या.