यारेत्सीची टिमकी

स्वतःची टिमकी कशी वाजवावी हे शिकायचं असेल, तर द्राक्षमळ्यांच्या या अख्ख्या फ्रेस्नो खोऱ्यात माझ्यासारखी बाई मिळायची नाही! ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा पोरांना मी शाळेत कॉलेजप्रवेशासाठी तयार करते. सांगून सांगून घसा बसलाय. अभ्यासात पोरं वाघ असतात हो! पण मुलाखतीत कुणी कौतुक केलं की मान खाली. "मी कसलं काय, देवाची कृपा." अरे, कॉलेज काय देवाला प्रवेश देणार आहे?

यारेत्सी त्यांतलीच. लांबच्या मोठ्या कॉलेजची शिष्यवृत्ती, राहणं-खाणंसुद्धा त्यात आलं. एक मुलाखत तेवढी उरली होती. ती बिघडली तर जूनपासून आईशेजारी उभं राहून खोक्यांत द्राक्षं भरायची. मुकादमाने जागा धरूनही ठेवली होती! माझी झोप उडाली.

मुलाखत शनिवारी, इंग्रजीत, कॉम्प्युटरवरून. "घरूनच दे," मी ऐटीत म्हटलं. "घरात माणूस मोकळं बोलतं!" मी फ्रिजच्या आडोशाला उभी राहणार आणि ती लाजायला लागली की छातीवर हात ठेवणार. म्हणजे, श्रेय स्वतः घे! तिची आई एर्लिंदा शेगडीपाशी मक्याच्या पानांत गुंडाळलेले तामालेस वाफवत होती. तिला फक्त स्पॅनिश येतं, म्हणून मी निर्धास्त.

सुरुवात झकास! माझा हात छातीवर गेला की पोरगी सुटायची. "घर मीच सांभाळते. भावांना गणित मीच शिकवते."

"काय म्हणतेय हो, बाई?" एर्लिंदा कुजबुजली. आणि मी मूर्ख, कौतुकाने सांगून बसले!

"घर ही सांभाळते? मग मी काय माशा मारते?" हातातल्या चिमट्यासकट ती थेट कॅमेऱ्यासमोर! पाहुण्यापुढे आपल्या लेकीला नावंच ठेवायची, ही आम्हा स्पॅनिश बोलणाऱ्यांकडची रीत. "साहेब, हिचं ऐकू नका! आळशी आहे नुसती!"

"काय म्हणाल्या त्या?" पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं.

आता दुभाषी कोण? दवाखाना असो की बँक, लहानपणापासून आईचं बोलणं यारेत्सीच इंग्रजीत सांगत आलीय. सवयीने तिने जसंच्या तसं सांगितलं, "आई म्हणते, मी आळशी आहे."

"हिचं अंथरूण कोण आवरतं, तेही सांग!"

"माझं अंथरूण आईच आवरते."

"आणि गाडी ठोकलीस ती?"

यारेत्सीने तेही सांगितलं, "मी गाडीही ठोकलीय, सर."

मी फ्रिजला डोकं टेकलं. संपलं! गेली पोरगी द्राक्षांत! मला खरंच रडू यायला लागलं.

तेवढ्यात साहेब हसले. "स्वतःच्याच विरुद्ध इतकं खरं बोलणारं कुणी मी पाहिलं नाही. तुझी तयारी कुणी करून घेतली?"

माझा ऊर भरून आला. हात आपसूक छातीवर गेला.

यारेत्सीने तो पाहिला. लगेच ताठ बसली. "कुणीच नाही, सर. सगळं मीच केलं!"

शिष्यवृत्ती मिळाली. एर्लिंदा मला मिठी मारून ढसाढसा रडली, मीही रडले. मग तिने माझ्यापुढे गरम तामालेस ठेवले आणि अगदी मायेने विचारलं, "बाई, पण शाळेत तुम्ही नेमकं करता काय हो?"

मी तामालेवरचं मक्याचं पान सोलत म्हटलं, "माशा मारते."