ताईंचं खातं बंद

निरोपाचं भाषण पुरतं संपायच्या आत सर्व्हरवाल्याने रेकॉर्डवाल्या ताईंचं खातं बंद करून टाकलं. तीनला निवृत्त झालेल्या माणसाने तीन वाजून एक मिनिटाने ऑफिसची फाईल उघडावी, हे त्याला खपणारं नव्हतं. मागून सगळे त्याला 'कुलूप' म्हणत आणि त्याला ती पदवी वाटे. वर ऑफिसचा कुठलाही पासवर्ड कोणालाही सांगणार नाही, असंही त्याने ताईंकडून लिहून घेतलं. ताईंनी हसत सही केली आणि बस पकडायला निघून गेल्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी नकाशे काढणारी किंचाळली, "हॉस्पिटलचा नकाशा उघडत नाहीये! चारच्या आत पाठवला नाही तर काम हातचं जाईल!"

पाठोपाठ आणखी दहा जण ओरडले. कोण कुठल्या खात्यातून आत जातं, त्याची यादी कुलपाने पाहिली. अकराच्या अकरा जण ताईंच्या नावाने आत जात होते.

"तुम्ही सगळे ताई?"

"मग काय करणार! तुमच्याकडे स्वतःच्या खात्यासाठी अर्ज केला की आठ दिवस गेलेच. ताई म्हणायच्या, तोवर माझ्या नावाने जा. ते 'तोवर' दोन वर्षं चाललंय," नकाशे काढणारी म्हणाली.

रागवायलाही वेळ नव्हता. साहेबांच्या मंजुरीशिवाय खातं बंदही करायचं नाही आणि बंद केलेलं उघडायचंही नाही, हा नियम त्यानेच सर्व्हरमध्ये पक्का बसवला होता. तो तडक केबिनमध्ये घुसला.

"साहेब, मंजुरी द्या. आत्ताच्या आत्ता!"

साहेब ओशाळले. "माझ्या नावाने ती ताईच द्यायच्या रे, पासवर्डही त्यांनाच ठाऊक. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणजे आज ताईंचं खातं बंद करायची मंजुरी..."

"तीही त्यांनीच दिली असणार."

साडेतीन झाले. ताईंचा फोन लागेना. लागला तेव्हा पावणेचार वाजले होते आणि मागे बसचा खडखडाट होता.

"ताई, साहेबांचा पासवर्ड सांगा!"

"अरे, आत्ताच तर सही घेतलीस ना, कोणाला सांगायचा नाही म्हणून?"

"ताई, पाया पडतो."

"पडू नकोस, लिहून घे."

त्याने साहेबांचं पान उघडलं. खातं उघडण्याचा स्वतःचा अर्ज शोधताना त्याची नजर जुन्या अर्जांवर गेली. 'सर्व्हरचं काम बाहेरच्या माणसाला द्यावं. याच्या कटकटीने जीव नकोसा झाला आहे.' खाली अकरा सह्या. असे तीन अर्ज होते, दर वर्षी एक. तिन्हींवर साहेबांच्या नावाने एकच शेरा होता. 'नामंजूर. कटकट्या आहे खरा, पण याच्या हातून आजवर एक कागद हरवलेला नाही. राहू द्या.'

त्याला भयंकर लाज वाटली. 'मंजूर'वर बोट दाबताना पडदा नीट दिसत नव्हता. चारला दोन मिनिटं कमी असताना नकाशा गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने जिन्यात जाऊन ताईंना पुन्हा फोन लावला.

"आता काय बंद पडलं रे?" ताईंनी विचारलं.

"काही नाही, ताई. बसायला जागा मिळाली का?"