शेकरू : गैरहजर

मी आज जो काही आहे तो मेश्राम मॅडममुळे. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे त्यांच्या वहीबद्दल लिहिणार आहे, आणि ते वाचून त्या कुणालाही वेड्या वाटतील.

मॅडम आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण हजेरी सुटली नाही. विश्रांतवाडीतल्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत रोज सकाळी त्या वहीत तारीख घालतात, समोरच्या जांभळाच्या शेंड्याकडे पाच मिनिटं बघतात आणि लिहितात, 'शेकरू : गैरहजर.' खाली सही.

शेकरू म्हणजे भीमाशंकरच्या जंगलातली तांबूस, झुबकेदार शेपटीची मोठी खार. मॅडमसमोर मात्र 'मोठी खार' म्हणायची सोय नाही. "तुला मोठं माकड म्हटलं तर चालते का जी?"

विदर्भातल्या वरोऱ्याहून पुण्यात आलो तेव्हा मला शेकरू माहीतच नव्हतं. तोंडी परीक्षेत "पाखरू आहे" असं ठोकून दिलं. यमक जुळत होतं. मुलं हसली. मॅडम म्हणाल्या, "हसता काहून? घरटं बांधते, जमिनीला सहसा पाय लावत नाही. पोरगं अर्धं बरोबर आहे."

त्याच आठवड्यात सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या घरमालकानं माझं आडनाव विचारलं आणि खोली "आत्ताच गेली" म्हणून सांगितलं. मॅडमनी आपली मागची खोली उघडली. "शेकरू एका घरट्यावर भागवत नाही. पाच-सहा बांधते. एखादं रिकामं असतेच." तीन वर्षं राहिलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्या रिकाम्या घरट्यातून निघाला.

आता मी वाघोलीला शिकवतो. परवा मॅडमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"अहो, जांभळं गाड्यांवर पडतात, म्हणून फांदी तोडायची ठरली. रविवारी माणसं येणार आहेत. तर मॅडम म्हणतात, तीच फांदी पलीकडच्या आंब्याला टेकते, ती तुटली की शेकरूची वाट तुटते. मी म्हटलं, भीमाशंकरहून इथं शेकरू येणार कसं? तर म्हणे, 'तुम्ही आले ना साताऱ्याहून?' मी वही दाखवली. अहो, रोज गैरहजर! तर म्हणे, 'गैरहजर म्हणजे नाव पटावर आहे. कमी केलेलं नाही.' घ्या! तुम्ही विद्यार्थी त्यांचे, जरा समजवा."

पुरावा म्हणून त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मी हसत हसत मोठा करून पाहिला. शेकरूच्या प्रत्येक ओळीखाली आणखी एक ओळ होती.

'मिलिंद : गैरहजर.'

वाघोली ते विश्रांतवाडी तासाभराचंही अंतर नाही. दोन वर्षं मी गेलो नव्हतो.

त्याच दिवशी पत्र टाकलं.

आदरणीय मॅडम,
सविनय जयभीम.
सेक्रेटरींनी तुम्हाला समजवायला सांगितलं आहे. समजवणार नाही. रविवारी फांदी तोडणाऱ्यांच्या आधी मी पोचतो. गॅलरीत दोन खुर्च्या टाका. जांभळं पडली तर गाड्या मी पुसीन, पण फांदी राहील.
शेकरूचं मला सांगता येत नाही. दुसऱ्या ओळीपुढे मात्र रविवारी 'हजर' लिहा.
तुमचं अर्धं बरोबर पाखरू,
मिलिंद