दोन गोळ्या, एकच फेरी

तुम्हाला म्हणून सांगतो, वीस वर्षं कारखान्यातली यंत्रं मी सांभाळतोय, तेव्हा स्वतःचं शरीर सांभाळणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! ऑपरेशन करून माझी अख्खी थायरॉइड ग्रंथी काढली. डॉक्टर म्हणाले, "आता रोज सकाळी उपाशीपोटी ही गोळी, आयुष्यभर. कॅल्शियमची मात्र चार तासांनी."

चार तासांनी कशाला? यंत्राला तेल, ग्रीस सगळं एकाच फेरीत देतात. सारखं सारखं यंत्र कोण थांबवतो! मीही दोन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, वर पेलाभर दूध.

"अहो, पण डॉक्टर म्हणाले होते ना..." बायको.

"तू कधी पाना धरलायस हातात?" मी खेकसलो.

दोन महिन्यांत माझा पार ठोकळा झाला. तोंड सुजलं, पाय उचलेना आणि एका दुपारी चालू यंत्रासमोर उभ्या उभ्या डोळा लागला! साहेब कडाडले, "पुन्हा पेंगताना दिसलात तर यंत्राला हात लावायचा नाही. गेटवर बसायचं!"

मला गेटवर? तळपायाची आग मस्तकात गेली! हे सगळं त्या औषधवाल्याचं काम! संध्याकाळी दुकानात चांगली गर्दी होती. डबी काउंटरवर आपटली. "खडूच्या गोळ्या विकतोस? माझ्या पोटावर पाय आणतोस?"

"काका, तुम्ही गोळी कशाबरोबर घेता?"

"मला अक्कल शिकवू नकोस!"

मग रांगेतल्या एकेकाला बजावलं, इथून काही घेऊ नका. दोघं तर निघूनही गेले. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं आणि रिपोर्ट घेऊन बायकोसकट डॉक्टरांकडे. "गोळी घेता कशी?" त्यांनी विचारलं. मी छाती फुगवून एका फेरीचं तंत्र समजावलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, कॅल्शियम आणि दूध त्या गोळीला अंगी लागू देत नाहीत! तुम्ही दोन महिने गोळी घेतली काय नि नाही काय, सारखंच!"

 बायको खिडकीबाहेर बघत होती, पण खांदे हलत होते.

आता वेळेवर घेतो. पेंगणं गेलं, यंत्र हाती राहिलं. राग मात्र अजून येतो, स्वतःचाच! गोळी आयुष्यभराची, आणि आमच्या भागात औषधाचं दुकान एकच. दर महिन्याला बायकोला पाठवतो. परवा तो औषधवाला तिला म्हणाला, "काकू, काकांना येऊ द्या की एकदा. त्यांचं भाषण ऐकायला लोक मुद्दाम थांबतात!"