केळुसकर मास्तरांच्या बरण्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: केळुसकर मास्तरांच्या अकरा बरण्यांत मोरचूद मी टाकला.

सिल्वाशात आमच्या शेजारच्या खोलीत हे शाळामास्तर एकटे राहत. मूळचे वेंगुर्ल्याचे, मन भरून आलं की मालवणीत शिरत. भर दुपारी ओट्यावर छत्री धरून उभे. छत्री बरण्यांवर, मास्तर उन्हात. बरणीत जवळच्या रांधा गावातल्या भातखाचराची माती, चार बोटं पाणी, दोन भाताची रोपं आणि पाण्यावर शेवाळाची हिरवी साय. "ऊन हवं, पण फार नको," असं मलाच बजावायचे, जणू बाळंतीण माझ्या घरात होती.

ढवळण्याचा त्यांना भारी राग. "गढूळलं की उजेड अडतो!" चहासुद्धा ढवळत नसत. पहिले घोट कडू, शेवटचा पाक.

आमची ही म्हणे, "भावोजी, गटार ओट्यावर आणलंत!"

"वहिनी, घाण न्हय! शेवाळ मातयेक जेवक घालता!"

रांध्याचे शेतकरी ही साय खरवडून बांधावर फेकत. मास्तर दर रविवारी चालत जाऊन विनवत, राहू द्या, पीक सुधारेल. तीन वर्षांनी तिथला लाडक्या म्हातारा एवढं म्हणाला, "रोपां दाखवा, मग मानू." त्याला दाखवायलाच या बरण्या.

तेवढ्यात माझे सासरे यायचे ठरले. बरण्यांना वास येई. कचेरीचा हौद शेवाळला की आम्ही मोरचूद टाकत असू. तोच चिमूट चिमूट टाकला. वास जाईल, एवढाच विचार. चार दिवसांत साय पांढुरकी होऊन तळाला बसली. रोपं पिवळी पडली.

मास्तरांनी पाणी बदललं. बरण्या सावलीत नेल्या, पुन्हा उन्हात आणल्या. रविवारी माझ्या दारात उभे. "रांध्याक येतास? एकट्यान सांगूक जमाचा नाय."

गेलो. लाडक्याच्या अंगणात मास्तरांनी हात जोडले. "माती तुमची चांगली आहे. माझंच चुकलं."

"मग साय काढू ना, मास्तर?"

"काढा."

"त्यात हात काय जोडता!" लाडक्या हसला, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तोंड उघडलं ते पाणी प्यायला.

परतताना मास्तर म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून धीर आला."

त्याच वर्षी ते बदली मागून गावाकडे गेले. रांध्यात साय अजून खरवडतात.

लाडक्याच्या अंगणात जाऊन खरं सांगणं माझ्याकडे बाकी आहे, आणि वेंगुर्ल्याला एक पत्र.