एक ओळ जास्त

पाण्याच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत त्या दिवशी जुनं मशीन काढून नवं लावायचं होतं. माहिती नव्यात उतरली होती. एका तक्रारीची एक ओळ. आता दोन्हीकडच्या ओळी मोजायच्या, आकडे जुळले की साहेब सही करणार आणि कॉम्प्युटरवाला सुटणार. डोळ्याचं ऑपरेशन झालेली त्याची आई दवाखान्यात बसली होती. चारला सोडणार होते, आणि न्यायला दुसरं कुणी नव्हतं.

साहेब मापावरच अडले. "तक्रारींचं टेबल जुन्यात सहा जीबी, नव्यात चार. दोन जीबी कुठं सांडले?"

"सांडले नाहीत साहेब. पुसलेल्या ओळींची रिकामी जागा जुन्यात अडून राहिलीय."

"ते मला नको सांगूस. ओळी जुळवून दाखव."

त्यानं मोजल्या. नव्यात तीन कमी. "आत्ता जुन्यात लिहिलेल्या तक्रारी पाच मिनिटांनी जातात नव्यात," म्हणत परत मोजल्या, तर नऊ कमी. तिसऱ्यांदा एकवीस. जितकं मोजावं तितकी तूट वाढायला लागली, आणि तीन तर कधीच वाजून गेले होते.

तेवढ्यात खिडकीवरच्या मावशी आत आल्या. "काय चाललंय रे तुझं?"

"तक्रारी मोजतोय, मावशी."

"तू मोजायला बसलास की माझं मशीन गपगार होतं. मग रांग चिडते. म्हणते, आधी हीच तक्रार लिहा, की खिडकी बंद पडलीय. आणि मशीन हललं की मला लिहावी लागते. दुपारपासून पाण्याची एक तक्रार नाही बघ, सगळ्या तुझ्याच आहेत."

तो मटकन खुर्चीत बसला. मावशींनी घड्याळाकडं पाहिलं, बाहेर गेल्या आणि रांगेला म्हणाल्या, "आतल्या पोराची आई डोळ्याला पट्टी बांधून वाट बघतेय. दहा मिनिटं कुणी तक्रार करायची नाही."

रोज येणारे एक आजोबा सगळ्यात आधी बाकावर टेकले. "माझा नळ सहा महिने कोरडाय. दहा मिनिटांनी काय फरक पडतोय."

दहा मिनिटं कुणी तोंड उघडलं नाही. आकडे जुळले. जुनं मशीन बंद झालं.

पोराला आभार मानायचे होते, पण तोंडावर बोलायची लाज वाटली. मशीनमध्ये आभाराला रकाना नव्हता. म्हणून त्यानं नव्या मशीनवर तक्रारच नोंदवली आणि पिशवी उचलली.

साहेबांनी पेन उघडून स्वतः मोजलं. "एक ओळ जास्त आहे."

पोर दारातच थिजलं. साहेबांनी ती ओळ उघडली. 'मावशी आणि रांगेतली माणसं फार चांगली आहेत. काय करावं कळत नाही.'

साहेब बराच वेळ चष्मा पुसत बसले. "पळ तू," म्हणाले आणि सही केली. मग मावशींना विचारलं, "ही मिटवायची कशी?"

"कशाला मिटवता? राहू द्या."

तेव्हापासून दर महिन्याच्या अहवालात एक तक्रार शिल्लक दिसते. वरून विचारणा येते, आणि साहेब दरवेळी लिहून पाठवतात, 'काम चालू आहे.'