दंतोपंतांच्या गाडीची चाल

मुलांनो, एका जंगलात रस्ते अगदी सरळ होते. त्यांवरून जाणाऱ्यांविषयी मात्र तसे खात्रीने सांगता येत नसे. तिथे दंतोपंत नावाचे हत्ती राहत. "आमचं घराणं नाकासमोर चालणारं," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. हत्तीचे नाक कोणत्याही दिशेला वळते, हे त्यांना कोणी बोलून दाखवत नसे.

दंतोपंतांनी गाडी घेतली. ते चालवायला बसले, की गाडी उजवीकडे ओढायची आणि करवंदीच्या जाळीत शिरायची. बातमी पलीकडच्या जंगलात पोहोचली: दंतोपंतांची चाल वाकडी आहे.

नेमके तिथूनच त्यांच्या मंदाला स्थळ आले होते. मुलगा मंदाला मनापासून आवडला होता. मुलाचे वडील विशाळराव यांनी निरोप धाडला, "वाकड्या चालीच्या घरात आम्ही सोयरीक करत नाही. रविवारी गाडीत बसून खात्री करू."

दंतोपंतांनी गाडी अंगणात सपाट जागी उभी केली. स्टिअरिंग सरळ करून बांधले. पुढच्या दोन चाकांमधले अंतर आधी त्यांच्या पुढच्या कडेला मोजले, मग मागच्या कडेला. दोन्ही सारखेच भरले. टायरमधली हवाही बरोबर होती.

"चाकं सरळ आहेत," ते म्हणाले. "म्हणजे रस्ता वाकडा."

त्यांच्या पत्नी रेवाबाई ओट्यावर ऊस सोलत होत्या. "अहो, तुम्ही खाली उतरून मोजता, म्हणून सरळ भरतं. तुम्ही आत बसा. मी मोजते."

"मी आत आणि तू चाकाशी? लोक काय म्हणतील?"

"आत्ता काय म्हणताहेत, ते कानावर आलंय ना?"

"विषय बदलू नकोस. टेप धर."

त्यांनी पुन्हा मोजले. खाली उतरूनच.

"आई, रविवारपर्यंत बाबांना थोडं बारीक व्हायला सांग ना," मंदा काकुळतीने म्हणाली.

"रविवारपर्यंत कसले होतात. तुझ्या मुलाच्या बारशापर्यंत बघू."

"आधी लग्न तर होऊ दे."

रविवारी विशाळराव आले. तेही हत्तीच, आणि आग्रहाला कधी नाही न म्हणणारे. ते डाव्या सीटवर बसले. गाडी कण्हली आणि निघाली. करवंदीची जाळी आली. करवंदीची जाळी मागे पडली.

"काही वाकडं दिसतंय का?" दंतोपंतांनी विचारले.

"छे हो. लोकांचं काय, बोलतात," विशाळराव म्हणाले आणि जंगलभर तसा निर्वाळा देऊन आले.

लग्न थाटात झाले. विशाळराव गाडीतून उतरले आणि दंतोपंत थेट जाळीत गेले. आता अब्रू दोघांचीही पणाला लागली होती: एकाची चालीमुळे, दुसऱ्याची निर्वाळ्यामुळे. दोन्ही घरांनी शांतपणे विचार केला.

मंदा सासरी गेली. तिचे सासरे तिच्या माहेरी राहायला आले.

रेवाबाई हल्ली दुप्पट ऊस सोलतात.

तात्पर्य: आपला दोष काढून टाकण्याचा खटाटोप करू नये. तेवढ्याच वजनाचा दुसरा दोष शेजारी आणून बसवावा. जग त्याला सरळ चाल म्हणते, आणि वडीलधारे तोलामोलाची सोयरीक.